कुलूप ज्याचे त्याचे

“साहेबांनीच उघडायला सांगितलं, एवढंच बोला. पुढचं माझ्यावर सोडा,” वकील कुजबुजले.

कुलूपवाला कठड्यात उभा राहिला. साहेबांच्या, म्हणजे पक्षाच्या नेत्याच्या, शब्दाखातर त्याने छापखान्याचे कुलूप काढून दिले होते आणि आत घुसलेल्या कार्यकर्त्यांनी यंत्रांचा चुराडा केला होता. नेत्याचे नाव पुढे केले की सुटका. नाहीतर तुरुंग ठरलेला.

“परवानगी कुणाची होती?” न्यायाधीशांनी विचारले.

“साहेबांची.”

शब्द तोंडातून निघाला आणि त्याला वडील आठवले. मालक दारात उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, ही त्यांची शिकवण होती. समोरच्या बाकावर छापखान्याची मालकीण मान खाली घालून बसली होती.

“पण कुलूप ताईंचं होतं,” तो सावकाश म्हणाला. “त्या दारात नव्हत्या. हे मला तेव्हाही कळत होतं.”

मालकिणीने मान वर केली. वकिलांनी कपाळाला हात लावला.

शिक्षा झाली, पण थोडक्यात निभावले. त्याला नेताना मालकीण जवळ आली.

“दाराला अजून नुसती साखळीच आहे. दुसरा कुलूपवाला बघू, की थांबू?”

तो तिच्याकडे वळला.

“थांबा, ताई. आणि मी सुटून कुलूप बसवायला येईन, त्या दिवशी दारात उभ्या राहा.”