कपाटामागची काच

"काच बसवल्याशिवाय पाणी भरू नका, रंगारीबुवा. उघडं पाणी घरभर गुपचूप हिंडतं!"

मला कापणाऱ्या काचवाल्याचं हे बोलणं अजून माझ्या कानांत आहे. कान कुठले म्हणा मला! मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. माशांच्या मोठ्या पेटीवरचं झाकण. काचवाल्यानं माझ्या कडा घासघासून बोथट केल्या, लहान बोटांना लागू नये म्हणून. कारण रंगाऱ्याच्या घरी लहान बोटं होती. सहा वर्षांची मुलगी. तिला सगळे छकुली म्हणत.

पेटी चांगली पुरुषभर लांब होती. पाण्याची वाफ वर यायची, माझ्या अंगाला थेंब होऊन बिलगायची आणि टपकन खाली पडायची. पाण्याचं पाण्यात. माझं काम एवढंच, पण ते मी जीव लावून केलं. दर रविवारी तिचे बाबा मला उतरवून धरायचे आणि छकुली जुन्या सुती फडक्यानं माझी खालची बाजू पुसायची. पुसता पुसता गुणगुणायची:

थेंब थेंब पुसू, काचेवर हसू,
मासोळीच्या दारी गं, आपण दोघी बसू.

त्या दोघींतली एक मी होते. माझे सुखाचे दिवस ते.

मग एकदा पाहुणे आले. माझ्यावर दव धरलं होतं, वरच्या दिव्याचा उजेड अडत होता. "मासे आजारी आहेत का हो? फिकट दिसतात," पाहुणे म्हणाले. रंगाऱ्याच्या ते वर्मी लागलं. जन्मभर लोकांच्या भिंती उजळणारा माणूस तो! त्यानं मला काढलं आणि कपाटामागे उभं केलं. "चार दिवस राहू दे," म्हणाला. ते चार दिवस काही सरले नाहीत. छकुलीनं विचारलं तेव्हा "फुटली गं ती" म्हणून मोकळा झाला.

आता पेटीतलं पाणी आठवड्याला दोन बोटं उतरू लागलं. छकुलीची आई तांब्या तांब्यानं भर घालायची.

"अहो, हे पाणी जातं तरी कुठं?"

"मासे पितात!" तो हसायचा.

कुठं जातं ते मला दिसत होतं. थंडी होती, खिडक्या बंद होत्या आणि माझ्या पाठीची भिंत निमूट पाणी पीत होती. आधी तिच्यावर करडे ठिपके आले, मग काळी बुरशी. ओल्या पोत्यासारखा वास सुटला. त्याच कपाटाशेजारी छकुली निजायची. तिला खोकला लागला. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजू लागली.

एके दिवशी रंगाऱ्यानं कपाट सरकवलं. त्यानं भिंत पाहिली. मला पाहिलं. मित्रांनो, दुसऱ्याच्या घरी हाच माणूस ठणकावून सांगे, "आधी ओल थांबवा, भिंत सुकू द्या, मग रंगाचं बोला!" आणि स्वतःच्या घरी? रंगाऱ्याची भिंत काळी म्हटल्यावर लोक काय म्हणतील! त्यानं बुरशीवरूनच तेलरंगाचा हात फिरवला. महिन्याभरात ती पुन्हा वर आली. त्यानं पुन्हा रंग दिला.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. "कुठं ओल आहे का हो घरात?"

"छे! भिंती बघा की, नुसता आरसा!"

"मग पोरीची छातीच नाजूक म्हणायची. हवापालट करा."

छकुली मावशीकडे निघाली. जाताना पेटीला नाक लावून माशांना म्हणाली, "मी नीट झाले की येते हं." तिकडे ती नीट झालीही. पण सुट्टीत घरी आली की पुन्हा शिट्टी. मग तिचं येणंच आटलं. तिचं फडकं पेटीशेजारच्या खिळ्यावर वाळून पापडासारखं कडक झालं. मासे एकेक करून गेले. रिकाम्या पेटीपुढे नवरा-बायको दोघंच जेवत.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरात पाणी पाळाल तर त्याला झाकण घाला, थेंब पुसा, खिडकी उघडा. आणि भिंत काही सांगू लागली, तर रंगानं तिचं तोंड बंद करू नका.

बऱ्याच वर्षांनी परवा छकुली आली. उंचीनं बापाएवढी झालेली, नाकाला रुमाल. पेटी हलवायची म्हणून तिनं कपाट ओढलं. रंगाचा पापुद्रा सुटून खाली पडला: पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा, आणि सगळ्यांखाली काळं. तिनं मला उचललं. माझ्या बोथट कडेवरून बोट फिरवलं.

"बाबा, ही तर आपल्या पेटीची काच. फुटली म्हणाला होतात ना?"

म्हाताऱ्यानं खाली पडलेला पापुद्रा उचलला. तीच पुढे म्हणाली, "जाऊ दे. माझ्या या नाजूक छातीपायी तुम्हां दोघांना केवढं एकटं राहावं लागलं. मला फार वाईट वाटतं हो त्याचं."

तो स्टुलावर बसला. बोटांच्या पेरांत अजून रंग होता, त्याकडेच बघत राहिला.

"छाती नाजूक नव्हती गं तुझी," तो म्हणाला. "भिंत ओली होती. मला ठाऊक होतं, छकुले. रंगाचा पहिला हात दिला, तेव्हापासून."