अर्धी गोळी

आमच्या नांदुऱ्यात निम्म्या घरांत शकूरभाईंनी भरलेल्या गाद्या आहेत, आणि त्या घरांतल्या एकाही बाईला त्यांच्या डोळ्यांचा रंग सांगता येणार नाही. बाईमाणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांची नजर जमिनीला खिळलेली. गादीचं माप, कापसाची जात, लग्नसराईची घाई, सगळं ते आमच्या पायांशी बोलत. मी थट्टा करायचे, "शकूरभाई, माह्या चपला नाही झोपनार गादीवर, मी झोपनार आहो." ते लाजून हसत आणि तरीही वर पाहत नसत. अख्ख्या जगात एकाच बाईकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं, ती त्यांची बायको मुबीना. आमच्या दोन घरांत भिंत एकच, म्हणून मला हे ठाऊक.

मग त्यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग गादीला टाके घालताना दाभण हातातून सुटायला लागलं, मग पाय उंबऱ्याशी येऊन अडकायला लागले. उंबरा ओलांडायचा म्हणजे नदी ओलांडायची असं त्यांना होई. मुबीनाने त्यांना अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मी होते, कारण मी शाळेत शिकवलेलं, चार प्रश्न विचारायला मी घाबरत नाही. डॉक्टरने पिवळी गोळी लिहून दिली. ती अशी लागू पडली की महिन्याभरात शकूरभाई पुन्हा दुकानाच्या ओट्यावर बसून रजईला टाके घालू लागले. मुबीनाने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पुढे आजार वाढत गेला तशी गोळीही वाढत गेली, आणि आम्हाला वाटलं की असंच चालायचं.

नंतर त्यांना कापसाच्या ढिगावर मांजरं दिसू लागली. मांजरांचं आम्ही हसण्यावारी नेलं. पण एका सकाळी मुबीना चहा घेऊन गेली, तर त्यांनी नजर खाली वळवली आणि म्हणाले, "बाई, तुमी कोन? माही घरवाली कुठी गेली?"

ते मराठीत बोलले, हे मुबीनाच्या जास्त जिव्हारी लागलं. घरात ही माणसं आपली उर्दू-हिंदी बोलतात. मराठी गिऱ्हाइकासाठी, माझ्यासाठी, रस्त्यावरच्या माणसासाठी. लग्न झाल्यापासून नवऱ्याने तिच्याशी मराठीचा एक शब्द काढला नव्हता.

"मीच तं आहो," ती म्हणाली. घाबरून तीही मराठीतच बोलली.

"नाही बाई. चेहरा तिच्यासारखाच आहे, पन तुमी ती नाही."

त्या दिवसापासून शकूरभाईंनी आपली बाज बाहेर ओट्यावर टाकली. परक्या बाईबरोबर एका छताखाली झोपणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं आणि स्वभावात तर मुळीच नव्हतं. थंडीत कुडकुडत, पण आत यायचं नाव नाही. बाहेरून आवाज देत, "बाई, भाकर दारात ठेवा, मी घेतो." किती सालस माणूस हो! दुसरा एखादा नवरा ओळख विसरला असता तर शिवीगाळ केली असती, हात उगारला असता. यांनी अदबीने वागून तिला परकं केलं. मला तर वाटे, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टरने कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. आजारच मेंदूत वर सरकतो आहे, तो म्हणाला, आणि ज्या गोळीने हातपाय चालतात त्याच गोळीने भास वाढतात. भासांवर वेगळं औषध दिलं. त्याने शकूरभाई ओल्या पोत्यासारखे पडून राहिले, म्हणून ते बंद केलं. झोपेसाठी आणखी एक गोळी देऊन पाहिली, तर पहाटे तोल जाऊन पडले, तीही बंद झाली. मुबीनाची छाती धडधडते म्हणून तिलाही एक बारीक गोळी लिहून दिली. ती तिने कधीच घेतली नाही. "मी झोपली आन हे वट्ट्यावरून पडले तं?" असं म्हणायची.

शेवटी डॉक्टर म्हणाला, "पिवळी गोळी कमी केली तर ओळख परत येईल कदाचित. पण शरीर लाकूड होईल. आपल्या मनाने मात्र काही करू नका." डॉक्टर सज्जन होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला. वाईट माणसावर राग काढता तरी येतो.

परतीच्या गाडीत शकूरभाई खिडकीशी बसले होते. मुबीना माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, मले दुसरं काहीच नाही पाह्यजे. एक डाव मुब्बी म्हनून हाक मारा म्हना त्याईले. मंग मी मेली तरी चालते."

ईद जवळ आली. देऊळगाव राजाहून लेक अलीजा यायची होती. मुबीना स्वयंपाकघरात अडकित्ता घेऊन बसलेली मला दिसली. सुपारी तर त्या घरात कोणी खात नाही. पाहते तो ती पिवळ्या गोळीचे दोन तुकडे करत होती.

"डॉक्टर काय म्हने, इसरली काय?" मी ओरडले.

"एकच ईद, ताई. ईदले तरी त्याईनं मले पाहावं. मंग पुरी देतो."

मी पुष्कळ बोलले. तिने ऐकून घेतलं आणि अर्धी गोळी डबीत ठेवली. ईदपर्यंत ती अर्धीच देत राहिली.

आणि ईदच्या सकाळी ते घडलं. मी शीरखुर्मा प्यायला गेले तेव्हा शकूरभाई आत, घराच्या आत, खुर्चीवर बसले होते. अंग ताठ, चेहरा लाकडी, हात मांडीवर नुसते ठेवलेले. पण डोळे मुबीनाच्या मागे फिरत होते. ती चुलीकडे गेली की चुलीकडे, दाराकडे गेली की दाराकडे. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांचे ओठ फार कष्टाने हलले.

"मुब्बी, तू कहाँ चली गई थी?"

"यहीं थी," ती म्हणाली, "यहीं थी, जी." आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. अलीजा रडली, मीही रडले. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की शकूरभाईंचे डोळे घारे आहेत.

दुपारी तिने त्यांना आपल्या हाताने शीरखुर्मा भरवला. सणाचा घास, नवरा ओळखून बसलेला, कुठली बायको थांबेल? पण घसाही लाकडाचाच झाला होता. दूध गिळलं गेलं नाही, श्वासनळीत गेलं. ते निळे पडले. गाडी करून अकोल्याला नेईपर्यंत अलीजा त्यांची पाठ चोळत होती आणि मुबीना एकच घोकत होती, "मीच मारलं, मीच मारलं."

छातीत पू झाला, ताप चढला. ते वाचले, ते कसे, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. निघताना तो मुबीनाला रागावला नाही, एवढंच म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. पूर्ण गोळी, ठरल्या वेळेला."

पूर्ण गोळी सुरू झाली. शकूरभाई आपल्या पायांनी घरात आले, उंबरा ओलांडला, आणि मुबीनाला पाहून दोन पावलं मागे सरले. "माफ करा बाई," म्हणाले आणि बाज उचलून ओट्यावर गेले.

आता ते रोज मला विचारत, "वंदनाताई, मुबीना कवा येनार हो? हस्पतालात होती माह्याजवळ." मी कधी म्हणे अलीजाकडे गेली, कधी म्हणे येईल. खोटं बोलायची मला सवय आहे, शाळेत तपासणीला साहेब येत तेव्हा पुष्कळ बोलले. पण हे खोटं तोंडात कडू होई. खरं सांगूनही पाहिलं होतं. "ताई, तुमालेबी फसवलं त्या बाईनं," असं दुःखाने म्हणाले होते.

मग एके दिवशी त्यांनी विचारणं सोडलं. ओट्यावर बसून त्यांनी एक लहान गादी भरली, नीट टाके घातले, आणि मला हाक मारली.

"ताई, मले समजलं. मुबीना मले इतके दिस सोडून राहूच शकत नाही. तुमी सांगून नाही राह्यले मले, पन ती गेली. ती जित्ती असती तं आली असती."

हिशेब बिनचूक होता. उत्तर तेवढं चुकलं होतं.

त्यांना तिच्या नावाने फातिहा द्यायची होती, गेलेल्या माणसासाठी पुढ्यात अन्न ठेवून म्हणतात ती प्रार्थना. त्यांनी दारातूनच मुबीनाला सांगितलं, "बाई, तुमचे उपकार आहेत माह्यावर. एक काम करसान काय? गोड भाताचा जर्दा करा. तिले आवडे. केशर नसलं तं रंग टाका, लवंग मात्र जास्त टाका. तिच्यावानी नाही जमनार तुमाले, पन करा."

अलीजाला फोनवर हे कळलं तेव्हा तिने आईजवळ टाहो फोडला. जित्या आईची फातिहा! हे अशुभ आहे, करू देऊ नको, अडव त्यांना. मीही मुबीनाला म्हटलं, "नको करू हे. मी समजावतो त्याईले."

मुबीना तांदूळ निवडत होती. "काऊन समजावता ताई? मी मेली असं वाटते तं निदान वाट पाहनं तं संपन त्याईचं. वाट पाहनं लई वाईट असते. मले मालूम आहे."

तिने जर्दा केला. लवंगा जास्त टाकल्या. शकूरभाईंनी नवी लहान गादी अंथरली, तिच्यावर बसायला कोणी नव्हतं. समोर ताटली, पाण्याचा पेला, उदबत्ती. त्या एका कामासाठी ते घरात आले. मुबीना दाराआड उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढून, परकी बाई उभी राहते तशी.

त्यांनी स्वच्छ आवाजात फातिहा म्हटली. हात जरासुद्धा हलले नाहीत, सकाळची गोळी अजून भरात होती. मग दाराकडे न पाहता म्हणाले, "तुमीबी दुवा करा बाई. तिचं नाव मुबीना."

मुबीनाने दोन्ही हात वर केले.

ताटलीतला एक घास त्यांनी तोंडात घातला आणि थांबले. बराच वेळ चावत राहिले. घाऱ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, थोडी तिच्या हातची चव आली."

मला वाटलं, आता ती धावेल, गळ्यात पडेल. डबीत ईदचे उरलेले अर्धे तुकडे अजून होते, मी ते पाहिले होते, आणि तिची नजरही डबीकडे गेली. ती डबीजवळ गेली, तुकडे बोटांनी बाजूला सारले. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. पिवळी गोळी तिने पाण्याच्या पेल्याशेजारी, त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली. सबंध गोळी.

"घ्या भाऊ," ती मराठीत म्हणाली.