हाताशी असलेलं लाल बटण

वर्कशॉपच्या मास्तरांचा उजवा हात सगळ्या कॉलेजला माहीत होता. लेथच्या चकमध्ये, म्हणजे लोखंड धरून फिरवणाऱ्या जबड्यात, आवळायची चावी कोणी विसरलं की ते कानाखाली जाळ काढत. चावी तशीच ठेवून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. मास्तरांच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच चावीने नेला होता. तीस वर्षांत त्यांनी कोणाला चावी लागू दिली नाही, पण गाल शेकड्यांनी सुजवले. पोटच्या लेकीलाही सोडलं नाही.

तीच लेक आता प्राध्यापक होऊन आली आणि तिने सगळं शिकवणंच उलटं केलं. आधी मशीन, मग पुस्तक. मुलांनी आपलं अवजार आपणच आखायचं, घडवायचं, चुकायचं. शिकवणाऱ्याने खुर्चीत बसून नुसतं बघायचं. खुर्चीला लागून खांबावर एक लाल बटण होतं. दाबलं की साऱ्या वर्कशॉपची वीज बंद. मास्तर त्याला 'बाईसाहेबांची घंटी' म्हणत आणि नाक मुरडत. प्राचार्यांनी मात्र बजावलं होतं, म्हाताऱ्याचा हात एकदा जरी उठला तरी हा प्रयोग गुंडाळायचा.

"बाबा, माझी चार वर्षांची मेहनत आहे. हात उचलायचा नाही."

"नाही गं उचलत. खिशात ठेवतो."

अकरा दिवस ठेवलाही, बिचाऱ्यांनी. बाराव्या दिवशी तिसऱ्या लेथवरच्या मुलीने काम आवळलं, नकाशाकडे बघितलं आणि चावी चकमध्येच ठेवून बोट सुरू करायच्या बटणाकडे नेलं. इतर लेथ घरघरत होते. हाक मारून उपयोग नव्हता.

मास्तर खुर्चीतून उठले, सहा पावलं धावले आणि कानाखाली अशी हाणली की मुलगी भेलकांडून मशीनच्या कडेवर तोंडावर आपटली. दात तुटला. डाव्या कानातून रक्ताची धार लागली. तिच्या जोडीदाराने हातातला पाना मास्तरांच्या खांद्यावर घातला, दोघांनी त्यांना लोखंडाच्या किसावर पालथं पाडलं, एकजण पाठीवर बसला. गालात किस रुतत होता तरी म्हातारा ओरडत होता, "चावी! आधी चावी बघा, गाढवांनो!"

लेक धावत आली. तिने चकमधली चावी पाहिली. मुलीला बाकावर टेकवलं, सगळ्यांना पत्र्याच्या आडोशामागे नेलं आणि लांब दांड्याने तो लेथ सुरू केला. चावी सुटली आणि समोरच्या कपाटाचं दार फोडून आत घुसली. भोक मुलीच्या डोक्याच्या उंचीवर होतं.

पोरं पांढरीफटक पडली. कोणीतरी मास्तरांना उठवून त्यांचा सदरा झटकला.

"बघितलंस?" मास्तर रक्त पुसत म्हणाले. त्यांची छाती फुगली होती. "वाचवली की नाही पोर?"

लेक वळली. खुर्चीपाशी गेली, बसली आणि बसल्या जागेवरून हात लांब करून तिने लाल बटण दाबलं. सगळे लेथ थांबले.

"सहा पावलं धावलात, बाबा. हे हाताशी होतं."

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. खरंच, त्या हाताला बटण सुचलंच नव्हतं. त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

वर्कशॉपमध्ये चिडीचूप झालं होतं. बाकावरच्या मुलीने कानावरचा लाल झालेला रुमाल दाबून धरला आणि सगळ्यांकडे बघत ती म्हणाली, "मशीन बंद करा ना कोणीतरी. किती आवाज येतोय."