परतीचा काटा

"काटा अजून वरच आहे," बाबा गच्चीच्या दाराशी मांडलेल्या वायरलेस सेटसमोरून ओरडले. कान गेल्यापासून ते साधं बोलणंही ओरडूनच बोलत.

लेकीने पक्कड उंचावली. बाबांनी मोर्सच्या कळीवरून हात काढून कळ सोडल्याची खूण म्हणून दोन्ही हात वर केले, तसा तिने अँटेनाच्या तारेच्या एका टोकाचा बोटभर तुकडा छाटला, मग दुसऱ्याचा.

बाबांचं आयुष्य जहाजांवर वायरलेस सांभाळण्यात गेलं. निवृत्तीनंतर घरच्या सेटवरून एका जुन्या सोबत्याशी ते रोज मोर्सच्या लहान-मोठ्या ठोक्यांत गप्पा मारत. ऐकू येईनासं झालं आणि सगळं थांबलं. बहिऱ्याला रेडिओ कशाला, म्हणत त्यांनी सेटवर चादर टाकली. वादळात अँटेना तुटला, तेव्हा आईने त्या तारेवर कपडे वाळत घालायचंही ठरवून टाकलं होतं.

पण लेक वायरलेस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. तिने नवी तार ताणली, सेट आणि तार यांच्यामध्ये डायरेक्शनल कपलरची डबी जोडली. डबीवर दोन काटे: एक तारेकडे निघालेली शक्ती दाखवणारा, दुसरा तारेने न स्वीकारता माघारी धाडलेली.

"म्हणजे साभार परत," आई म्हणाली.

खालच्या फ्रिक्वेन्सीवर परतीचा काटा कमी चढत होता. म्हणजे तार हवी त्यापेक्षा लांब होती. छाटत छाटत लांबी जमली, तरी काटा पुरता बसेना. तारेचा इम्पिडन्स, म्हणजे शक्तीला होणारा अडथळा, सेटला हवा त्याहून जास्त होता. तो उतरावा म्हणून लेकीने दोन्ही टोकं खाली ओढून बांधली. तार कौलारू छपरासारखी उतरती झाली. बाबांनी कळ दाबली. जाणारा काटा उसळला, परतीचा जागचा हलला नाही.

बाबा खुर्चीतून उठलेच. "काही परत येत नाहीये गं!"

सोबत्याला बोलवा, अशी तिने खूण केली. तिने त्याला सकाळीच फोन करून ठेवला होता. बाबा पुन्हा खुर्चीत बसले.

"तो बोलेल. मला काय कळणार?"

तिने त्यांची बोटं स्पीकरच्या उघड्या पडद्यावर टेकवली.

कळीवरचा हात आधी अडखळला, मग जुन्या लयीत पळू लागला. बाबा थांबले. नुसती खरखर. आणि मग बारीक, नेटके ठोके. बोटांखालचा पडदा थरथरला, बाबांचे ओठ हलू लागले.

"विचारतोय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, "इतके दिवस होतास कुठे."

आईने सेटच्या टेबलावर तळहात ठेवून पाहिला. मग आत जाऊन तिने पंखा बंद केला. त्याची थरथर टेबलापर्यंत येत होती.