ओल्या चिंधीचं तापमान

मला राग पटकन येतो, हे कबूल. पण त्या शनिवारी कुणालाही आला असता. मॉरिसव्हिलच्या आमच्या घरून साडेतीन तास ड्राइव्ह करून आम्ही डोंगरातल्या त्या छोट्याशा स्की एरियात पोचलो आणि बघतो तर काय, सगळा डोंगर तपकिरी आणि मधून बर्फाचे दोन मळकट पट्टे. २००७चा जानेवारी. त्या वर्षी थंडी अशी पडलीच नव्हती. आदल्या आठवड्यात तर चक्क पाऊस झाला होता आणि होता तो बर्फही वाहून गेला होता.

"साइटवर वर्षाला ॲव्हरेज अठ्ठ्याहत्तर इंच बर्फ लिहिलं होतं," माझा नवरा सत्यजित पुटपुटला.

"ॲव्हरेजमध्ये एखाद्या वर्षाच्या वाट्याला काहीच येत नाही, जावईबापू," माझे बाबा म्हणाले. त्यांना विचारा. हवामान खात्यात निरीक्षक होते, सगळी नोकरी दुष्काळी तालुक्यांत पर्जन्यमापक सांभाळण्यात गेली.

बाबांची सोमवारची परतीची फ्लाइट होती. सहा महिने राहिले, आणि एकदाच म्हणाले होते, "पडणारा बर्फ अंगावर घ्यायचाय गं." बाकी काही मागितलं नाही, साधा चहासुद्धा स्वतः करून घ्यायचे. त्यांचं हृदय आता पुन्हा एवढा प्रवास झेपण्यासारखं नव्हतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. आणि मी मूर्खासारखी जुलैपासून म्हणत बसले, डिसेंबरमध्ये जाऊ, जानेवारीत जाऊ, या वीकेंडला ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. स्वतःचाच इतका संताप येत होता म्हणून सांगू.

पट्ट्यांच्या कडेने बर्फ बनवायची यंत्रं उभी होती. गार हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडायचा, की खाली येईपर्यंत त्याचा बर्फ होतो. ती चालवणारा डेल नावाचा साठीचा माणूस शेडच्या दारात सँडविच खात बसला होता. मी तरातरा गेले आणि विचारलं, केव्हा सुरू करणार?

तो म्हणाला, सकाळपासून वारा गार झालाय खरा, पण अजून चौतीस फॅरनहाइट आहे, पाणी गोठतं बत्तीसला. पावसात हवेतला दमटपणा मोजणारा सेन्सर बिघडलाय, त्यामुळे अंदाजाने पाणी सोडायची त्याची हिंमत नव्हती. नुसतं पाणीच पडलं तर असलेला बर्फही जाईल. रात्री दहानंतर बघू.

आम्हाला सहाला निघायचं होतं. रात्री डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फाळ वळणं, त्यात बाबांच्या गोळ्यांच्या वेळा. मी गाडीकडे वळले. म्हटलं, चला, झालं.

पण बाबा हलेनात. हवेत नाक वर करून उभे. मग डेलला त्यांच्या त्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, "सर, युवर एअर इज व्हेरी ड्राय. व्हॉट इज युवर वेट बल्ब?"

डेलने सँडविच खाली ठेवलं. वेट बल्ब म्हणजे ओल्या चिंधीत गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान; हा प्रश्न त्याला स्कीइंगला आलेल्या कुणी विचारला नसावा.

बाबांनी शेडच्या भिंतीवरचं साधं थर्मामीटर मागितलं. खिशातल्या रुमालाची पट्टी टर्रकन फाडली, आईने शिवलेला रुमाल तो, मी ओरडणारच होते. ती ओली करून थर्मामीटरच्या फुग्याला गुंडाळली आणि पिझ्झ्याच्या खोक्याचं झाकण माझ्या हातात दिलं. "वारा घाल. थांबू नकोस." मी कोपर दुखेस्तोवर वारा घातला. हवा कोरडी असली की ओली चिंधी भराभर सुकते आणि सुकताना गार होते, फवाऱ्याचे थेंबही तसेच गार होतात, हे बाबा डेलला हातवाऱ्यांनी समजावत होते. त्याला ते ठाऊकच होतं. तो नुसता मान डोलवत पारा बघत होता.

पारा उतरला. बत्तीस. तीस. सत्तावीसवर थांबला.

"ट्वेंटी-सेव्हन," बाबा म्हणाले. "यू कॅन ओपन."

डेलने स्वतः वाकून आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि पाण्याची झडप फिरवायला गेला.

यंत्र आधी खोकलं, मग घोंघावू लागलं. बाबा लगबगीने पुढे गेले. पांढरं काहीतरी भुरभुरत त्यांच्या खांद्यावर उतरलं. त्यांनी कानटोपी काढून माझ्या हातात दिली. बाही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"दाणे आहेत," ते म्हणाले. "पाकळ्या नाहीत."

झालं, मला रडूच फुटलं. "खोटा आहे हो हा, बाबा. मला तुम्हाला आकाशातला दाखवायचा होता. मीच उशीर केला."

"वेडी आहेस का?" त्यांनी बाहीवरचे दाणे माझ्यापुढे धरले. "अगं, चौतीस वर्षं आकाशातून काय पडलं ते मोजलं. गावात लोक ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचे. साहेब, पाडा की थोडा. काय सांगणार? शून्य लिहून द्यायचो आणि मान खाली घालून घरी यायचो. आज माझ्या आकड्यावर पडतोय गिरिजा, माझ्या आकड्यावर."

मी टोपी त्यांच्या डोक्यावर घालायला हात उचलला होता, तो खाली घेतला.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "भिजू दे मला."