दोन फूट वर गेलेली खिडकी

मित्रांनो, मी पाइनच्या लाकडाचा एक जुना ड्रॉइंग बोर्ड. शेफील्डमधल्या वास्तुरचनाकारांच्या एका सहकारी कचेरीत माझी चाळीस वर्षं गेली. तिथे मालक कुणीच नव्हता. नकाशावर कुणा एकाचं नाव घालायचं नाही, आणि सोमवारच्या बैठकीत शेवटचा हात वर झाल्याशिवाय चहा ओतायचा नाही, असा रिवाज. त्याचा त्यांना कोण अभिमान! मलाही होता.

माझ्यावर एनिड प्रॉसर काम करायची. लहानपणी ती वर्षभर हॉस्पिटलात छताकडे बघत पडून होती. म्हणून हाडांचा क्षय झालेल्या मुलांच्या वॉर्डचं काम आलं, तेव्हा तिने खिडक्या पार खाली घेतल्या. झोपल्या झोपल्या बाहेरचं दिसावं, इतक्या खाली. तशी सुंदर रेघ माझ्यावर पुन्हा कधी पडली नाही.

सोमवारी तिचा सहकारी डेझमंड म्हणाला, "वॉर्ड उबदार ठेवायला खिडकीखालून गरम पाण्याचे नळ न्यायचेत. दोन फूट वर घे."

सगळ्यांचे हात वर गेले. एनिडचा तेवढा खाली.

"एनिड, चहावाचून घसा सुकला गं आमचा!" डेझमंड म्हणाला. " आम्ही सहाजण वेडे नि तू एकटी शहाणी का?"

ती कसनुशी हसली आणि तिनेही हात वर केला. मग ब्लेडने ती रेघ खरवडून काढली.

वॉर्ड सुरू झाल्यावर ती बघून आली आणि कोट न काढताच माझ्यापाशी बसली.

"पाठीला प्लास्टर घातलेली एक पोर आहे, आयव्ही. म्हणते, मिस, तुम्ही उभ्या आहात ना, मग बाहेर काय दिसतं ते सांगा की."

"आपण सगळ्यांनीच ठरवलं होतं," डेझमंड हळूच म्हणाला.

"हो ना. म्हणून तर तिची माफी कुणी मागायची, तेच कळेना."

आठवडाभर ती आयव्हीच्या पलंगासाठी आरसा आखत बसली. झोपल्या झोपल्या बाहेरचं दिसायला कुठे टांगायचा, किती कलवायचा. रविवारी घेऊन गेली. सोमवारी आरसा कागदात गुंडाळलेला तसाच परत आला.

"आयव्ही गेली. पलंगावर नवी चादर होती," एवढंच ती बोलली. तिथे खिळा ठोकायला तिचा हात उचलला गेला नाही.

मित्रांनो, आज मी अडगळीत पडलोय. माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल. पण हात वर करण्याआधी थोडं थांबा. आपण ज्याच्यासाठी ठरवतो, तो बहुतेक वेळा त्या खोलीत नसतो.