सदूच्या हातचं जाळं

पावसाळी मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस राहिले होते आणि मिरकरवाड्यात घरोघरी जाळ्यांची दुरुस्ती चालली होती. गंगारामनं सत्तरीनंतर होडीवर जाणं सोडलं, पण मुलाचं, स्वरूपचं जाळं त्याच्याच पडवीत दुरुस्त व्हायचं. जोडीला सदू असायचा. दोघं तरुणपणी एका होडीवर होते, आता एका जाळ्याच्या दोन टोकांना बसत.

यंदा सदूनं विणलेला तुकडा गंगारामला वाकडा दिसला. एक चौकोन फुगलेला, शेजारचा दबलेला. हातानं चाचपल्या तर गाठी घट्ट होत्या. पण गंगाराम मुळातला संशयी. त्याची बायको म्हणायची, ह्यांना देवाच्या नारळालाही खवट वास येतो. हात एक सांगत होते, डोळे एक, आणि त्यानं डोळ्यांचं ऐकलं.

सदूचा मुलगा बाळा यंदा दुसऱ्याच्या होडीवर लागला होता. आपल्या जाळ्यातून मासळी सुटली तर फायदा कुणाचा? एकदा हा किडा डोक्यात शिरला आणि सगळंच जुळायला लागलं. सदू नजर देईनासा झाला होता. भर दुपारी समोर बसलेला असे, त्याचे कान दिसत, टोपी दिसे, पण मधलं तोंड मात्र काळोखात धरल्यासारखं. खोटा माणूस तोंड चोरतो, हे गंगारामला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी तो म्हणाला, "सदू, गाठी सैल मारतोस तू. मुद्दाम."

सदूनं सुई खाली ठेवली आणि चहा न घेताच निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून गंगारामनं त्याचा सगळा तुकडा उसवला आणि स्वतः विणला. तोही वाकडाच दिसला. मग दोरा विकणारा लबाड ठरला. दाराची चौकट वाकलेली दिसली तेव्हा सुतार लबाड ठरला. सुनेनं, वेदिकानं, सासऱ्याला कपाशेजारी चहा ओतताना पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा डावा डोळा झाकला आणि समोर एक कार्ड धरलं. आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, मधोमध एक ठिपका.

"ह्ये पण सदूनंच विणलं काय?" त्यानं विचारलं.

रेघा सरळच आहेत, बाईंनी सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो आणि त्याच्या मधल्या भागानं आपण चेहरे ओळखतो, अक्षरं वाचतो. वयानुसार त्या भागाखाली कचरा साठत जातो, फार हळू, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्यात तेवढंच झालं होतं. उजव्यात मात्र त्यापुढे जाऊन नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. त्या पाझरून पडदा उचलला गेला होता, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसत होती. इंजेक्शनं घेतली तर वाढ बहुधा थांबेल, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. कडेची नजर राहील. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. गंगारामला आठवलं, ते दिवस आपण सदूवर पाळत ठेवण्यात घालवले. त्याला स्वतःची लाज वाटली.

पहिलं इंजेक्शन झाल्यावर तो सदूकडे गेला आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून टाकलं. सदू ऐकत होता, पण त्याचा राग उतरेना.

"चूक कबूल करतोस, आणि बगतोस दाराकडं," सदू म्हणाला. "माज्याकडं बगायची लाज वाटते?"

"तुज्याकडंच बगतोय," गंगाराम म्हणाला. "सरळ बगितलं की तुजं तोंड जातं. दाराकडं बगितलं की तू दिसतोस."

सदू आत जाऊन सुई-दोरा घेऊन आला.

"मग दाराकडंच बग," तो म्हणाला. "गाठी मी मारतो. तू हातानं तपास."